पहिलं पान आईचं

३ फेब्रुवारी

खिळे-स्क्रूवाली कंपनी दर वर्षी आम्हा लाकूडवाल्यांना एक डायरी पाठवते. आजवर मी ती हिला देत आलो आणि ही तिच्यावर गरम पातेली ठेवत आली. यंदा मी ती परत मागून घेतली. मला एक गोष्ट गुपित ठेवायची आहे आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाला तरी सांगून बसण्यापेक्षा इथे सांगतो.

पुढच्या महिन्यात ताई पंचाहत्तर वर्षांची होईल. तिला मी माझ्या हातानं फोटोंचा अल्बम करून देणार आहे. वरखाली लाकडी फळ्या, पितळी बिजागऱ्या, आत जाड काळी पानं.

हे डोक्यात कसं आलं तेही लिहून ठेवतो. काल दुपारी मी पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो होतो. घरातल्या बायकांना वाटतं, पेपर तोंडावर म्हणजे माणूस झोपला. ताई हिला सांगत होती, "पोरानं मला काय नाही दिलं? पण सगळं दुकानातून आलं गं. हातानं काही करायला त्याला कधी वेळच मिळाला नाही." तक्रार असती तर चाललं असतं. त्यात कीव होती. सदुसष्टाव्या वर्षी, तीन वखारींच्या मालकाची कीव!

गेल्या महिन्यात काकांचं घर रिकामं केलं, तेव्हा चुलतभावानं फोटोंचा एक पत्र्याचा डबा आणून दिला. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा आणि ताई दहाची. पुढे वडीलही गेले, आणि ताईनं लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. मला आईचा चेहरा आठवत नाही. तिला पाहिलेलं माणूस आता ताईशिवाय कुणी उरलेलं नाही. ताई म्हणते, त्या डब्यात आईचा एक फोटो आहे, एकच. तो पहिल्या पानावर लावायचा. बाकी अल्बम ताईचा, पहिलं पान आईचं.

६ फेब्रुवारी

आज अक्रोडाच्या दोन फळ्या निवडल्या. टिचकी मारून आवाज ऐकला की फळी आतून कोरडी आहे की ओली ते मी सांगतो. या धंद्यात माझं नाव झालं ते याच कानांवर. दोन्ही खणखणीत वाजल्या. मिस्त्रीला म्हटलं, मला जरा रंधा दे. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रंध्याकडे, आणि विचारलं, "शेठ, कुणावर रागावलाय का?"

रंधा मारायला मला जमत नाही. जमतं असं वाटत होतं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांना तो मारताना पाहिलंय आणि "अरे, रेषेला धरून मार" असं सांगितलंय. रेषेला धरून मारणं म्हणजे काय, ते आज कळलं. संध्याकाळपर्यंत फळी गुळगुळीत होण्याऐवजी पातळ झाली. तळव्याला फोड आलाय. हिनं विचारलं तर हात बाथरूमच्या दारात सापडला म्हणून सांगितलं. हिचा विश्वास बसला नाही, पण हिनं पुढे विचारलंही नाही. हल्ली ही फारसं विचारत नाही. हिचंही काहीतरी चाललेलं दिसतंय.

१० फेब्रुवारी

फोटोंचा डबा ताईच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हटलं, कुणाचे कोण ते तुलाच ठाऊक, तेव्हा जरा लावून ठेव, नाहीतर डब्यात बुरशी लागेल. तिनं झाकणावरून हात फिरवला आणि करते सावकाश म्हणाली. मी म्हटलं, तेवढा आईचा मला आत्ताच दाखव. तर म्हणाली, "दाखवीन रे. पळून चाललाय का तो?"

पुन्हा म्हटलं. तिचं डोकं दुखायला लागलं.

१३ फेब्रुवारी

आज थोडक्यात बचावलो. वरची फळी घासून घरी आणली होती, ती बघत बघत चहा घेतला आणि तशीच टेबलावर विसरून हात धुवायला गेलो. परत येतो तर ताई खुर्चीवर बसलेली आणि तिच्या चहाचा कप थेट माझ्या फळीवर! गुपित फुटलं म्हणून धडधडत होतं आणि फळीवर डाग पडेल म्हणून जीव वरखाली होत होता. पण ताईनं काही विचारलं नाही. चहा प्यायली, कप अल्लाद त्याच जागी ठेवला आणि "आज साखर विसरली बायको तुझी" म्हणून उठून गेली. भिंतीला हात लावत लावत. गुडघे दुखत असणार.

वय झालं की लक्ष राहत नाही हेच खरं. एरवी ताईच्या नजरेतून सुईचं टोक सुटत नसे. कपाला खाली ओल होती, तिचं गोल वळं फळीवर उमटलंय. उद्या पुन्हा घासायला घेतो.

१७ फेब्रुवारी

फजिती. लिहावंसं वाटत नाही, पण ठरवलंय ना सगळं लिहायचं.

परवा फळ्यांना वरून झकास तेल-पॉलिश लावून वखारीत खिडकीशी ठेवल्या होत्या. आतली बाजू कोण बघतंय, तिथे कागदच चिकटवायचाय, म्हणून ती तशीच कोरी ठेवली. आज बघतो तर दोन्ही फळ्या वाकून पन्हळीसारख्या झालेल्या. टेबलावर ठेवल्या की डुगडुगतात. मिस्त्रीनं एक फळी डोळ्यासमोर आडवी धरली आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, गिऱ्हाइकाला काय सांगता तुम्ही? पॉलिश दोन्ही बाजूंनी मारा, नाहीतर लाकूड वाकतं. बरोबर ना?"

बरोबर. हे वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेल. म्हणताना ते माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नाही.

नव्या फळ्या. पहिल्यापासून.

१९ फेब्रुवारी

घरात काहीतरी शिजतंय.

तीस वर्षं ताई आणि ही एकमेकींच्या हातच्या जेवणाला नावं ठेवत आल्या. ताई तिच्या खोल्यांवर वेगळी राहत होती, तेव्हा महिन्यातून एकदा यायची आणि दोघी गोड बोलून एकमेकींना टोचायच्या. गेल्या वर्षी ती कायमची आमच्याकडे आली तेव्हा मी मनाची तयारी केली होती. आणि आता पाहतो तर अशी गट्टी! ही रोज सकाळी ताईला पेपर वाचून दाखवते. ताईला म्हणे हिचा आवाज आवडतो. पूर्वी याच आवाजाला ताई करवत म्हणायची. दुपारी ही दहा-बारा सुयांत दोरे ओवून उशीला खोचून ठेवते. फिरायला जाताना ताई हिचा दंड धरते. माझा धरत नाही. मी भरभर चालतो म्हणते.

आज मी पेपरखाली होतो. ही हळूच म्हणाली, "ताई, त्यांना सांगून टाका ना आता. किती दिवस?" ताई म्हणाली, "नाही. तुला शपथ घातलीय मी. त्याला कळलं की संपलं."

काय कळलं की संपलं? मला एवढंच दिसतं की आईचा फोटो मागितल्यापासून ताई मला टाळते आहे. म्हणजे जे काही आहे ते आईबद्दल आहे. मी धंद्यात माणसं ओळखण्यावर मोठा झालो. समोरचा काही लपवत असला की मला वास येतो.

२२ फेब्रुवारी

विचारून टाकलं. आई खरंच वारली होती, की घर सोडून गेली होती?

ताई आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदरानं तोंड पुसलं. तिनं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तापानं गेली. माझ्यासमोर गेली. तू तिच्या पायाशी झोपला होतास. परत असलं काही बोललास तर थोबाडीत देईन."

मग फोटो का दाखवत नाहीस, मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याजवळ कुठेतरी. रागावली की ती डोळ्याला डोळा देत नाही.

दिवसभर वखारीत घासत बसलो. कोपरे चांगले गोल झालेत, एक सोडून. हात कामात असला की मन गप्प बसतं असं लोक म्हणतात. माझं तर बसलं नाही. मनात एकच, ताईला आई एकटीची ठेवायची आहे. दहा वर्षं आई मिळाली तिला, मला दोन, आणि त्या दोनांतलं काहीच हाताला लागत नाही. एक फोटो द्यायला काय जातं?

२६ फेब्रुवारी

नव्या फळ्या सरळ राहिल्या. बिजागऱ्या बसल्या. आज काळी पानं कापून, भोकं पाडून, लांब स्क्रूनं आवळली. हवाबंद डब्यासारखा अल्बम मिटला. मिस्त्रीनं "वा" म्हटलं. मिस्त्री सहसा "हं" म्हणतो.

मग करून बघावं म्हणून दहा-बारा पानांवर जाड पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले, फोटो असल्यासारखे. अल्बमनं जो जबडा उघडला तो मिटेना. शाळेच्या कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे गेलो. तो उंचीनं बेताचा आणि बोलायला भारी. अल्बम हातात घेऊन म्हणाला, "साहेब, याचं पोट सुटलंय. फोटो पोटाशी भरणार, आणि कण्याकडे काहीच नाही. असं कसं मिटेल? कण्याशीही तेवढीच जाडी हवी." दोन पानांच्या मध्ये, आवळायच्या बाजूला, पुठ्ठ्याची बारीक पट्टी घालायची. जिथे फोटो यायचा तिथे आधीच जागा राखून ठेवायची.

मी म्हटलं, पहिल्या पानाचा फोटो अजून हातात आलेला नाही. तो म्हणाला, "नसू दे. येणार आहे ना? मग पट्टी आत्ताच घाला."

घातली.

१ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

ताईनं सकाळी डबा परत दिला. लावले म्हणाली, तीन गठ्ठे केलेत, दोऱ्यानं बांधलेत. मी वखारीत नेऊन सोडले आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या गठ्ठ्यात माझ्या लग्नाचा फोटो, त्याखाली कुठलीशी अनोळखी म्हातारी, त्याखाली काकांची सायकल, मग पुन्हा माझं लग्न. काही फोटो उलटे. दुसऱ्यातही तोच गोंधळ. ना माणसं लागलेली, ना वर्षं. मला वाटलं, ही माझी चेष्टा आहे, नाहीतर शिक्षा. आई मागतोस काय, घे.

रागानं गठ्ठे टेबलावर आपटले आणि तेवढ्यात वीज गेली. वखारीच्या मागच्या भागात खिडकी नाही, दिवसाही काळोख असतो. फोटो खाली घरंगळले असतील म्हणून मी चाचपडत उचलायला लागलो. हाताला पहिला आला तो कातरलेल्या कडांचा, जुन्या काळी असत तसा, करवतीचे बारीक दात असावेत तशी कड. दुसरा कातरलेला. तिसरा कातरलेला. त्या गठ्ठ्यातले झाडून सगळे कातरलेल्या कडांचे. दुसरा गठ्ठा गुळगुळीत कडांचा. तिसऱ्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले.

वीज नसली की मी फळ्या अशाच लावतो. कडेला बोट लावून. डोळ्यांचं काम बोटांनी.

मी तिथेच लाकडांवर बसलो. कप. भिंतीला लावलेला हात. सुयांतले दोरे. पेपर. माझ्या खांद्याशी बोलणारी ताई. एकेक आठवत गेलं, आणि माझ्या कानांची मला लाज वाटली. सगळं ऐकलं होतं मी. तिची पावलं हळू झालेली ऐकली, उंबऱ्याशी ती थबकते ते ऐकलं. ऐकून गुडघे म्हटलं.

वीज आली तरी बराच वेळ उठलो नाही. मिस्त्री येऊन बघून गेला.

२ मार्च

हिला विचारलं. हिनं आधी शपथ घातलीय म्हणून सांगितलं आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. वर्षभर चाललंय हे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याला धुकं. ताईच्या ओळखीची कोणी शिवणवाली होती, तिचा ऑपरेशनमध्ये डोळा गेला होता. तेव्हापासून ताईनं डॉक्टरचं नाव टाकलंय. आणि मला कळलं तर मी उचलून दवाखान्यात नेऊन ठेवीन, ही दुसरी भीती. ती खरी आहे. मी नेलं असतं.

आत गेलो. ताई खाटेवर बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वखारीतून आलास आणि चप्पल न काढता आत आलास. म्हणजे कळलं तुला."

मी तिच्याजवळ बसलो. कधीपासून, असं काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की डॉक्टरला फक्त बघू दे. हात लावू देणार नाही. तिनं अट घातली, बरोबर ही येईल, मी नाही. मी आलो तर डॉक्टरला भाव विचारायला लागतो.

५ मार्च

तरी मी गेलो. बाहेर बसलो. दार पातळ प्लायवूडचं होतं, त्यामुळे आत बसल्यासारखंच.

डॉक्टर एक तरुण बाई आहे. गोड बोलून खोटी आशा लावणारी वाटली नाही. डावा डोळा काचबिंदूनं गेला, तो येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पार पिकलाय. तो काढता येईल. पण मागची नस किती शाबूत आहे ते मोतीबिंदू काढल्याशिवाय कळायचं नाही. "चांगलं दिसू शकेल, थोडं दिसू शकेल, किंवा आहे तसंच राहील," ती म्हणाली. "आणि क्वचित आहे तेही जातं. मी लपवणार नाही." थांबून राहिलो तर काय, हिनं विचारलं. "थांबलात तर नक्की जाईल."

परत येताना रिक्षात ताई म्हणाली, "उजेड कळतो, सावल्या कळतात, माणूस आवाजावरून कळतो. मला पुरे आहे. तेही गेलं तर?" मी तोंड उघडलं. हिनं माझ्या पायावर पाय दिला. उघडलेलं तोंड मिटलं.

६ मार्च

आज डबा घेऊन ताईपाशी बसलो. म्हटलं, तू नको बघूस, मी बघतो आणि सांगतो. कसा होता आईचा फोटो?

तिनं डोळे मिटून घेतले, जणू मिटल्यावर जास्त दिसतं. घराबाहेर काढलेला, खूप जणं, बायका पुढे बसलेल्या, आई कडेला. लहानपणी काकांच्या घरी एकदाच पाहिला होता, काकूनं लगेच डब्यात ठेवून दिला. असे घराबाहेरचे फोटो डब्यात चार-पाच निघाले. मी कडेच्या एकेका बाईचं वर्णन करायला लागलो. ही बघ, कपाळ मोठं, ओठ घट्ट मिटलेले. ही जरा सावळी, मांडीवर मूल. हिचे केस मागे ओढून बांधलेले, कॅमेऱ्याला घाबरलेली.

प्रत्येक बाईला ताई हो म्हणायला मान हलवायची आणि मग थांबायची. शेवटी मीच अधीर झालो. म्हटलं, ही मूल घेतलेलीच असणार, ते मूल मी असेन. हो ना? हो म्हण.

"नाही म्हणणार," ताई म्हणाली. "मी अंदाजानं बोट ठेवलं तर तू तिला पहिल्या पानावर लावशील. रोज तिच्याकडे बघशील. पोरांना दाखवशील, ही माझी आई. आणि ती कुणी भलतीच असेल. म्हणूनच दाखवत नव्हते रे. तुला एक आई मिळायचीय, ती चुकीची द्यायची नाही मला."

मी फोटो गोळा करायला लागलो. त्यांच्या कडा जुळवत बसलो. ती कान देऊन ऐकत होती, फोटो एकमेकांवर घासतात तो आवाज.

मग म्हणाली, "त्या डॉक्टरणीला फोन कर."

मी म्हटलं, माझ्यासाठी नको करूस. तिला राग आला. म्हणाली, आई काय एकट्या तुझीच होती?

९ मार्च

वाढदिवस. ऑपरेशन तेरा तारखेला. आधी वाटलं, अल्बम नंतर द्यावा, दिसायला लागल्यावर. मग वाटलं, नाहीच दिसलं तर? आजच दिला.

फोटो लावून झालेत. कातरलेले, गुळगुळीत, पुठ्ठ्यावरचे, सगळे माझ्या हातानं, हिला विचारून विचारून. पहिलं पान कोरं, त्याची पट्टी मात्र घातलेली. कापडात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं कापड सोडलं. दोन्ही तळवे फळीवर पसरले आणि हळूहळू कडेकडेनं बोटं फिरवत गेली. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा.

"अक्रोड?" म्हणाली. मी हो म्हटलं. बोट एका कोपऱ्याशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"हे तू केलंस."

मी विचारलं, कशावरून?

"विकतचं इतकं वाकडं नसतं."

ही फस्सकन हसली. ताई हसली नाही. तिनं अल्बम उचलून छातीशी धरला, जसं शिवलेलं कापड बेतून बघायला धरायची तसं, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. जेवायला बसतानाही शेजारच्या खुर्चीवर ठेवून घेतला.

मला जेवण गेलं नाही. इतका आनंद झाला की गेलं नाही, असं माझं पहिल्यांदाच झालंय.

१३ मार्च

झालं. आत तासाभराच्या आत झालं, बाहेर मला वेळ किती लागला ते विचारू नये. दवाखान्यातली बाकडी प्लायवूडची, वरून सनमायका, आत पोकळ. टिचकी मारून बघितली. समोरच्या बाईनं मुलाला जवळ ओढून घेतलं.

डॉक्टर म्हणाली, ऑपरेशन चांगलं झालं. दिसेल का, विचारलं. म्हणाली, उद्या.

१४ मार्च

डोळ्यावरची पट्टी काढताना आम्हा दोघांना आत घेतलं. डॉक्टरनं हात वर केला, किती बोटं? ताई म्हणाली, "बोटं नाही दिसत. हात दिसतोय. पांढरा." मला वाटलं, एवढंच. डॉक्टर मात्र खूश दिसली. म्हणाली, सूज आहे, आठवडाभर थेंब घाला, धीर धरा.

गाडीत ताई खिडकीशी बसली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "लाल आहे ना?"

लाल होता. ही लगेच दुसरीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसायला लागली. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा सावकाश घे, घाई नाही.

१८ मार्च

थेंब दिवसातून चारदा. ही घड्याळ लावून बसते. आज ताईनं हिला सांगितलं की तुझे केस फार पांढरे झालेत. हिनं थेंबाची बाटली खाली ठेवून विचारलं, अजून काही? ताई म्हणाली, भिंतीचा रंग वाईट आहे. घरात पुन्हा पूर्वीसारखं टोचायला सुरुवात झाली, आणि मला इतकं बरं वाटतंय की सांगता येत नाही. जवळचं अजून पुसट दिसतं तिला. चष्मा परवा येईल. डबा मी मुद्दामच तिच्यासमोर आणलेला नाही. तीही मागत नाही. दोघंही त्या विषयाला बगल देतो आहोत.

२१ मार्च

चष्मा काल आला. आज सकाळी चहा झाल्यावर ताईच म्हणाली, आण तुझा तो वाकडा अल्बम.

खिडकीशी बसली. पहिलं कोरं पान सावकाश उलटलं, पुढच्या पानांवर गेली आणि दुसऱ्याच मिनिटाला माझी शाळा सुरू झाली. हा काका नव्हे, त्याचा मेहुणा. ही म्हातारी शेजारची, हिला अल्बममध्ये कशाला घेतलंस, आयुष्यभर हिनं आपल्याला शिव्या दिल्या. हे तुझं लग्न नाहीच, चुलतभावाचं आहे. कोट बघ, तो कोट तुला कधी होता? मी म्हटलं, हिनं तर ओळखलं होतं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, लग्नात मी खाली मान घालून होते, मला काय माहीत.

निम्मा अल्बम सोडवावा लागणार. मी चिकटवण्यात कसूर केलेली नाही, त्यामुळे निघतानाही त्रास देणार.

घराबाहेरचे फोटो आले. ताईनं अल्बम उचलून एकेक फोटो चष्म्यापासून लांब-जवळ करून बघितला. मोठ्या कपाळाची, नाही. मूल घेतलेली, नाही, ती धाकटी काकू. घाबरलेली, नाही. संपले, एवढेच, मी म्हटलं. ताई म्हणाली, डब्यात अजून काही आहे का? मी बिघडलेले फोटो एका पाकिटात वेगळे काढले होते. पांढरे पडलेले, फाटलेले, हललेले. अल्बममध्ये लावण्यासारखे नव्हते. ते पाकीट तिच्या हातात दिलं.

तिसऱ्याच फोटोवर ती थांबली.

घराच्या पायऱ्यांसमोर चौदा-पंधरा माणसं. सगळी ताठ, सगळी कॅमेऱ्याकडे बघणारी. अगदी उजवीकडे एक बाई अर्धवट उठलेली, मान बाहेरच्या बाजूला वळवलेली. चेहऱ्याच्या जागी नुसता एक फिकट पट्टा, कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. वर्णन करून सांगत होतो तेव्हा या बाईला मी धरलंच नव्हतं. चेहराच नाही, तर सांगणार काय?

"ही," ताई म्हणाली.

मी फोटो घेतला. खिडकीकडे धरला. एक कान दिसतो, गालाचा कोपरा, उघडलेलं तोंड. एक हात पुढे आलेला, बोटं पसरलेली. बस. एवढं मिळवायला आपण ताईच्या डोळ्याचा जुगार खेळलो असं क्षणभर वाटलं, आणि चेहऱ्यावर ते दिसलंही असणार, कारण ताईला आता दिसतं.

"वेड्या, ती हलली का ते विचार ना," ती म्हणाली. "बघेपर्यंत मलाही आठवत नव्हतं. मी शेजारीच बसलेय, ही बघ, वेणीवाली. फोटोवाला म्हणाला कुणी हलू नका. आणि तू नुकता चालायला लागलेला, आईच्या मांडीवरून सुटलास आणि निघालास थेट रस्त्याकडे. सगळे पुतळ्यासारखे बसले. आई तेवढी उठली. तुला हाक मारत होती ती. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. काकू दोन दिवस बडबडत होती, फोटोचा नास केला म्हणून."

मी पुन्हा पाहिलं. ते उघडलेलं तोंड. पुढे आलेला हात. हाताच्या पलीकडे फोटो संपतो. त्याच्या बाहेर, दोन पावलांवर, मी असणार.

मी विचारलं, काय म्हणून हाक मारायची मला? ताईनं आठवायला जरासुद्धा वेळ घेतला नाही. पण सांगितलंही नाही. तिनं चष्मा काढला, गळा साफ केला आणि पंचाहत्तराव्या वर्षी, भर सकाळी, खिडकी उघडी असताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए उंडग्याऽऽ! इकडे ये आधी!"

तो आवाज ताईचा नव्हता. मला आवाजातलं कळतं.

ही ओले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. काय झालं, कोण आलंय, कुणाला बोलावताय?

मी म्हटलं, मला.